दोघे, दोघी, दोन

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हे गाव लागते. सरकारी कागदांत हे नाव असे कंसासहितच लिहिले जाते. आम्ही दोघे, म्हणजे मराठी शिकविण्यात आयुष्य घालविलेली एक व्यक्ती आणि इंग्रजी शिकविण्यात घालविलेली दुसरी, एका हिवाळ्यात दर रविवारी एस.टी.ने या गावी जात होतो. आमचा एक जुना विद्यार्थी तेथे राहतो. त्याच्या घराच्या ओसरीवर नववी ते अकरावीची आठ-नऊ मुले जमत. त्यांना एका स्पर्धेची तयारी करून हवी होती, आणि त्या स्पर्धेविषयी आम्हांला त्यांच्याहून फार अधिक ठाऊक होते असे नाही. निवृत्तीनंतर आपला उपयोग कोणाला तरी आहे, ही जाणीव मात्र सुखाची होती, हे कबूल केले पाहिजे.

स्पर्धा भाषेची, पण आपण ज्यांना भाषेच्या स्पर्धा म्हणतो तशी नव्हे. निबंध नाही, वक्तृत्व नाही, शुद्धलेखन नाही. एखाद्या अपरिचित भाषेतील दहा-बारा शब्द अथवा वाक्ये आणि त्यांचे अर्थ समोर ठेवले जातात, कधी तर ते अर्थही क्रम बदलून दिलेले असतात. त्यावरून त्या भाषेचा नियम आपण शोधून काढायचा आणि पुढची वाक्ये आपणच घडवायची. १९६५ साली मॉस्कोत शाळकरी मुलांसाठी अशी पहिली स्पर्धा झाली. आंद्रेइ झालिझ्न्याक या भाषाशास्त्रज्ञाने त्यापूर्वी दोन वर्षे अशी कोडी रचून प्रसिद्ध केली होती. २००३ साली बल्गेरियात बोरोवेत्स येथे ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. भारतीय संघ तीत प्रथम उतरला तो २००९ साली, पोलंडमध्ये. आणि २०१६ ची स्पर्धा तर आपल्याकडे, म्हैसूरला भरली. पाच कोडी आणि सहा तास, असे तिच्या वैयक्तिक फेरीचे स्वरूप असते. आपल्या देशातील निवडस्पर्धेला पाणिनीचे नाव दिलेले आहे.

या स्पर्धेचा एक नियम आम्हांला पहिल्याच वाचनात फार आवडला. कोडे ज्या भाषेचे असेल ती भाषा सोडविणाऱ्यांपैकी कोणालाही येत नसावी. म्हणूनच अशी कोडी बहुधा थोड्या लोकांच्या, दूरच्या भाषांची असतात. ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्याला त्यांचा लाभ नाही, ज्याच्या घरी नाहीत त्याचा तोटा नाही. सारे एकाच अज्ञानाच्या रेषेवर उभे. आंजीच्या मुलांना आम्ही हा नियम मोठ्या उत्साहाने, फळ्यावर लिहून समजावून सांगितला होता. त्या उत्साहाची किंमत पुढे कळली.

आरंभ आम्ही गावाच्या नावापासूनच केला. आंजी ‘मोठी’ का, ‘मोठा’ अथवा ‘मोठे’ का नाही? कारण आंजी स्त्रीलिंगी, हे मुलांनी लगेच सांगितले. मग दुसरी एखादी आंजी ‘लहान’ असती, तर ती ‘लहानी’ का झाली नसती? ओसरीवर थोडा वेळ शांतता पसरली. लहान मुलगा, लहान मुलगी, लहान मूल. मोठा मुलगा, मोठी मुलगी, मोठे मूल. आकारान्त विशेषण लिंगाप्रमाणे बदलते, इतर बहुधा बदलत नाहीत, हा नियम एका मुलाने आपल्या शब्दांत मांडला. पश्चिम महाराष्ट्रातली ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ गावेही याच कारणाने लिंगाला दाद देत नाहीत. शिवाय ती विशेषणे मुळात फारसीतून आलेली. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम आम्ही शेकडो वेळा शिकविला होता. तो कोणी शोधून काढल्याचे मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या रविवारी आम्ही मुलांच्याच बोलीचे कोडे केले. एका बाजूला प्रमाण मराठी, दुसऱ्या बाजूला वऱ्हाडी. डोळा – डोया, काळा – काया, विहीर – इहीर, पाणी – पानी, मला – मले. यांवरून ‘शाळा’, ‘वीस’ आणि ‘तुला’ यांची रूपे सांगा. मुले हसली. हे काय कोडे झाले, असा त्या हसण्याचा अर्थ. ‘शाया’, ‘ईस’, ‘तुले’ ही उत्तरे क्षणात आली. मग आम्ही खरा प्रश्न विचारला. ळचा य होतो, तर ‘लाल’चा ‘याय’ का होत नाही? ‘कला’ची ‘कया’ का होत नाही?

उत्तर द्यायला बराच वेळ लागला, आणि ते ज्या मुलीने दिले तिने त्याआधी ओसरीवर एक शब्दही उच्चारला नव्हता. ल वेगळा आणि ळ वेगळा, हे तिने सांगितले. फक्त ळचाच य होतो, लचा कधीच होत नाही. म्हणजे ‘शाया’ म्हणणाऱ्याला ळ कोठे आहे हे नेमके माहीत असते. माहीत नसते तर ल आणि ळ यांची त्याने कधी ना कधी गल्लत केली असती. उलट हिंदीच्या वळणाने ‘शाला’ म्हणणारा तो भेदच पुसून टाकतो. अर्थात वऱ्हाडीलाही याची किंमत द्यावी लागते. या नियमाने ‘गाळ’ आणि ‘गाय’ कानाला सारखेच होतात, ‘माळ’ आणि ‘माय’ही. विहिरीतला गाळ काढण्याची गोष्ट चालू असताना विहिरीतून गाय काढल्याचा भास व्हायचा, यावर मुले पोट धरून हसली. त्यांतलाच एक म्हणाला, गाय काढली आणि गाय काढला, यावरून कळते की! लिंग येथे वाटाड्याचे काम करते, हे त्याने आम्हांला शिकविले.

ती मुलगी मात्र हसली नव्हती. वर्ग सुटताना ती आमच्यातल्या एकीजवळ येऊन म्हणाली, “मंग शाया म्हनलं तं चुकत नाई का, मॅडम?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता येत होते. नियम आहे, नियमाने चालते ते चूक कसे असेल, वगैरे. ते आम्ही दिलेही. पण वर्ध्याला परतताना एस.टी.त आम्ही दोघेही गप्प होतो. तीस वर्षे आम्ही दोघांनी मिळून किती वह्यांवर तांबड्या शाईने रेघा ओढल्या असतील! ‘जेवून राहिला’ या प्रयोगाखाली आम्ही हटकून रेघ मारीत असू, आणि समासात ‘जेवत आहे’ असे लिहीत असू. ‘जेवून राहिला’ म्हणजे जेवण आटोपून मागे राहिला, असा अर्थ होतो, अशी त्यावर आमची ठरलेली कोटीही होती. वर्गात ती खपत असे. चालू क्रियेसाठी ‘राहणे’ हे साहाय्यक क्रियापद योजणारी एक स्वतंत्र, नियमबद्ध रचना आपल्यासमोर आहे, हे आम्हांला माहीत नव्हते असे नाही. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात या बोलीचे नमुने छापलेले आहेत, आणि तो खंड आमच्यातल्या एकाने पदव्युत्तर परीक्षेसाठी अभ्यासलेलाही होता. परीक्षेत बोली ही अभ्यासाची वस्तू होती; वर्गात ती चूक होती. दोन्हींच्या मध्ये एक भिंत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्हीच उभे होतो.

पाणिनीची आठवण येथे अपरिहार्य होती. पूर्वेकडचे असे बोलतात, उत्तरेकडचे असे बोलतात, अशा नोंदी ‘प्राचाम्’, ‘उदीचाम्’ या शब्दांनी तो सूत्रांत करून ठेवतो. ज्याचे नाव आपण कठोर नियमनाचे प्रतीक म्हणून घेतो, त्याने प्रांतोप्रांतीच्या बोलण्याला सूत्रात जागा दिली. आमच्या समासात ती नव्हती.

असो. तर आता त्या रविवारकडे येतो, ज्यासाठी हे लिहायला घेतले.

मुले तरबेज होऊ लागली होती. तेव्हा खरोखरची ‘अपरिचित’ भाषा देण्याची वेळ आली. तयार कोडी पुष्कळ मिळतात, पण एखादे आपण रचावे असा मोह आम्हांला झाला. आमच्याजवळ एका जुन्या पुस्तकाची छायाप्रत होती. मरे एमेनो हे भाषाशास्त्रज्ञ १९३५ ते १९३८ या काळात भारतात होते. दक्षिणेतील तोडा, कोटा अशा लहान भाषांबरोबरच त्यांनी कोलामीचाही अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५५ साली प्रसिद्ध केले. त्यातली कोलामी आहे ती आपल्या वर्ध्याकडची. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. साऱ्या देशाने एक भाषा कशी शिकावी याचा विचार या गावात चालू होता, त्याच दशकात याच मुलखातल्या कोलामांची भाषा एक परदेशी अभ्यासक वहीत उतरवून घेत होता. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. मराठीच्या शेजारी राहूनही तिचे आणि मराठीचे मूळ एक नाही. म्हणजे कोड्याला सर्वस्वी योग्य, असे आम्हांला वाटले.

कोडे असे होते. सहा शब्द : इद्दर, ईरल, इंदिङ्, मुग्गुर, मुयल, मूंदिङ्. सहा अर्थ, क्रम बदलून : दोन पुरुष, दोन स्त्रिया, दोन वस्तू, तीन पुरुष, तीन स्त्रिया, तीन वस्तू. सूचना दोनच : ‘मुग्गुर’ म्हणजे तीन पुरुष आणि ‘ईरल’ म्हणजे दोन स्त्रिया. उरलेल्या जोड्या जुळवा. वाचकांनी वाटल्यास येथे थांबून सोडवून पाहावे. आरंभ पाहिला तर शब्दांचे दोन गट पडतात, शेवट पाहिला तर तीन. आणि दोन सूचना मिळून सारे कुलूप उघडते. अशा कोड्यांच्या तळाशी भाषेचे नाव, ती कोठे बोलली जाते आणि किती लोक बोलतात याची टीप देण्याची प्रथा आहे. आम्ही ती मुद्दाम गाळली. माथ्यावर एवढेच लिहिले : ‘एका अपरिचित भाषेतील शब्द’.

पंधरा-वीस मिनिटांत बहुतेकांनी जोड्या जुळविल्या. एक दहावीतला मुलगा मात्र कोरा कागद समोर ठेवून बसला होता. तो मामाकडे राहून शिकत असे, कमी बोलत असे, आणि आकड्यांच्या कोड्यांत सर्वांच्या पुढे असे. आज त्याचे डोके चालत नसावे असे समजून आम्ही त्याला छेडले नाही. उत्तरे फळ्यावर मांडली, शब्द मोठ्याने वाचून दाखविले, आणि मग विचारले, पुरुष, स्त्रिया आणि वस्तू मोजायला निरनिराळे शब्द वापरणे तुम्हांला चमत्कारिक वाटते का? सर्वांनी होकार दिला. तेव्हा आम्ही फळ्यावर लिहिले : दोघे, दोघी, दोन, तिघे, तिघी, तीन.

ओसरीवर जो गलका झाला तो शिक्षकाच्या आयुष्यात फार थोड्या वेळा होतो. चौघे, चौघी, चार. आणि मग पुढे? पुढे ‘पाच जण’. मराठी येथे एकदम थांबते, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आमच्याही फारसे आले नव्हते. नवरा-बायको मिळून असली तर ‘दोघं’ म्हणतात, अशी भर एकाने आमच्याकडे पाहत घातली. तेलुगूतही ‘इद्दरु’, ‘मुग्गुरु’ आहेत, पण ते पुरुषांना आणि स्त्रियांना सारखेच लागतात, हे आम्ही सांगितले. त्या एका बाबतीत फळ्यावरची भाषा आपल्या कुळातल्या तेलुगूपेक्षा मराठीशी अधिक जुळते, असे दिसत होते. एवढ्यावरून कोणी कोणाकडून काय घेतले याचा निष्कर्ष काढता येत नाही, हेही सांगितले. पण ज्या रूपांना मुले क्षणापूर्वी चमत्कारिक म्हणत होती तशीच रूपे ती रोज तोंडाने बोलत होती, यात शंका नव्हती.

वर्ग सुटला. तो मुलगा मागे रेंगाळला आणि आम्ही फळा पुसत असताना म्हणाला, “सर, ते ‘मुयल’ तुमी म्हनलं तसं नसते.”

त्याने तो शब्द म्हणून दाखविला. आमच्या कानांना फरक पुरता कळलाही नाही. तो शब्द त्याला कसा ठाऊक, हे आम्ही विचारले तेव्हा त्याने खाली पाहत सांगितले, “आजी बोलते आमची. पोडावर.”

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. आम्ही त्याला म्हटले, अरे, मग लिहिले का नाहीस? सर्वांत आधी तूच लिहायला हवे होतेस. त्यावर तो म्हणाला, “तुमीच तं सांगतलं होतं. येत असलेली भाषा चालत नाई. आंधीच येत होतं, तं मंग सोडोलं कसं म्हनाचं?”

तो नियम पाळीत होता, की नियमाचा आडोसा घेत होता, हे आम्हांला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. आपण कोलाम आहोत, हे त्या ओसरीवर कोणाला कळू नये, असेही त्याला वाटत असेल. पण जे उत्तर त्याने दिले ते निर्दोष होते. आयुष्यात जी एकच गोष्ट त्याला इतर मुलांपेक्षा अधिक येत होती, ती त्याने प्रामाणिकपणे बाजूला ठेवली होती. आणि ती बाजूला ठेवायला आम्ही लावले होते.

दोष नियमाचा नव्हता. स्पर्धेपुरता तो न्याय्यच आहे, आणि तेथे तो कोणाला लाज वाटावी म्हणून केलेला नाही. दोष आमच्या मथळ्याचा होता. ‘एका अपरिचित भाषेतील शब्द’, अपरिचित कोणाला? आम्हांला. पुस्तकातून मिळाली म्हणून ती आम्हांला दूरची वाटली. ती सायबेरियातली नव्हती, याच जिल्ह्यातली होती, आणि तिचा एक वारस पुढ्यात मांडी घालून बसला होता. ज्या मुलांना त्यांची बोली चूक नाही हे पटवून देण्यात आम्ही दोन रविवार खर्च केले, त्यांच्यातल्याच एकाची भाषा आम्ही नाव पुसून कोड्यात घातली होती. वऱ्हाडीला समासात ढकलणारी तांबडी शाई संपली, तरी हात तोच होता.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निराळे शब्द आहेत. ज्याच्याशी बोलतो त्याला वगळणारा एक आणि सामावून घेणारा दुसरा. हिंदीच्या ‘हम’ला आणि इंग्रजीलाही हा भेद एका शब्दात करता येत नाही. तेलुगूत तो आहे, कोलामीत आहे. मराठीतही तो द्रविड शेजारातून दृढ झाला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. हा लेख लिहिताना आम्ही सतत ‘आम्ही’ लिहीत आलो आहोत, कारण चुका आमच्या दोघांच्या आहेत आणि वाचकांना त्यांत ओढण्याचा अधिकार नाही. पण त्या ओसरीवर फळ्यासमोर उभे राहून आम्ही वारंवार “आपली भाषा” म्हणत होतो, आणि त्या ‘आपण’मध्ये तो मुलगा आहे की नाही, हा प्रश्न आमच्या मनात एकदाही आला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही त्याला विचारले की, कोडे सोडवायचे नसेल तर रचशील का? अशा स्पर्धांत भाषा जाणणाऱ्याची जागा सोडविणाऱ्यांत नसते, ती रचणाऱ्यांच्या आणि तपासणाऱ्यांच्या बाजूला असते, हे त्याला सांगितले. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दोन आठवडे आलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात आला तो वहीचे एक पान घेऊन. त्यावर बारा वाक्ये होती. आजीकडून आणि आईकडून घेतलेली, देवनागरीत लिहिलेली, काही अक्षरांखाली त्याने स्वतःच ठरविलेली टिंबे दिलेली. आमच्या छायाप्रतीतल्या रूपांहून आजीची काही रूपे निराळी होती. पुस्तक चुकले का, असे त्याने विचारले. पुस्तकातल्या माणसांना आणि तुझ्या आजीला ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचे अंतर आहे, तेव्हा दोन्ही बरोबर असू शकतात, असे आम्ही म्हटले. हे उत्तर देताना मात्र आमची जीभ अडखळली नाही.

ते कोडे त्याने फळ्यावर मांडले आणि बाकीच्यांनी सोडविले. त्या मुलीला सर्वांत आधी सुटले. एका वाक्यात मुले अडली, तेव्हा तीही अडली. आणि अडण्याचे कारण असे निघाले की ते वाक्य त्याने स्वतःच चुकीचे उतरविले होते. ते त्याने दुरुस्त केले, आजीला पुन्हा विचारून, पुढच्या आठवड्यात.

स्पर्धेची पहिली फेरी झाली. आमच्याकडून चौघे बसले आणि चौघांपैकी कोणीही पुढे गेले नाही. कोडी फार अवघड होती. आमची तयारी, खरे सांगायचे तर, हौशी होती. मुलीने दोन कोडी पूर्ण सोडविली होती, असे तिचे म्हणणे. यंदा ती पुन्हा बसणार आहे, आणि आम्ही पुन्हा एस.टी.ने जाऊ लागलो आहोत.

वहीचे ते पान आम्ही मागून घेतले. कोड्याच्या तळाशी टीप लिहायची असते, हे त्याला आम्ही सांगितले होते : भाषेचे नाव, प्रदेश, बोलणाऱ्यांची संख्या. नाव त्याने लिहिले आहे, प्रदेश म्हणून आपल्या पोडाचे नाव लिहिले आहे. संख्येच्या जागी आधी काहीतरी लिहून खोडलेले दिसते. त्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे : ‘आजी आणि आई बोलतात. मी ऐकतो.’